बायोस्फिअर २ : ऑक्सिजनच्या तुटीचा हिशेब

२६ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, ओरॅकल गावाजवळच्या 'बायोस्फिअर २' नावाच्या एका अवाढव्य काचघरात आठ माणसं शिरली आणि त्यांच्यामागे हवाबंद दार लागलं. दोन वर्षं आतच राहायचं, आत पिकेल ते खायचं, आतलंच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं आणि आतल्याच हवेत श्वास घ्यायचा, असा बेत होता. दार लागलं त्या दिवशी हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन होता. सोळा महिन्यांनी तो १४.५ टक्क्यांवर आला. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर चढून गेल्यावर माणसाच्या वाट्याला जेवढा ऑक्सिजन येतो, जवळपास तेवढाच.

या घटनेबद्दल सहसा एकच वाक्य ऐकू येतं : 'काँक्रीटने ऑक्सिजन शोषून घेतला.' वाक्य आटोपशीर आहे आणि चुकीचं आहे. काँक्रीटचं ऑक्सिजनशी थेट काही देणंघेणं नव्हतं. ऑक्सिजन खर्च करणारा एक होता आणि त्याच्या परतीची वाट अडवणारा दुसराच. हे दोघे वेगळे ओळखता आले तर सजीव, खडक आणि हवा यांचा व्यवहार कसा चालतो हे बरंचसं उलगडतं. पाठ्यपुस्तकातल्या कार्बनचक्राच्या आकृतीत सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात. इथे कुठला बाण किती जाड आहे, हे आतल्या माणसांना लागलेल्या धापेवरून कळलं.

काचेखाली काय काय होतं

प्रकल्पाची कल्पना जॉन अ‍ॅलन यांची, पैसा मुख्यतः एड बास या उद्योजकाचा. १९८७ ते १९९१ या काळात सुमारे सव्वा हेक्टर जमिनीवर पोलाद आणि काचेचा हा पसारा उभा राहिला. रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर व्हर्नाद्स्की यांनी १९२०च्या दशकात जीवावरणाची जी मांडणी केली होती, तिचा या मंडळींवर प्रभाव होता. सजीव हे पृथ्वीच्या पाठीवर नुसते राहत नाहीत, तर ते खुद्द एक भूशास्त्रीय शक्ती आहेत, असं व्हर्नाद्स्की म्हणत. पुढे जे घडलं त्यात त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण बांधणाऱ्यांना अपेक्षित होतं तसं नव्हे.

आत एक छोटं वर्षावन होतं, प्रवाळ असलेला कृत्रिम समुद्र होता, खारफुटी, गवताळ प्रदेश आणि धुक्याचं वाळवंट होतं. शिवाय आठ जणांचं पोट भरेल एवढी शेती आणि राहायची जागा. हवा दिवसा तापून फुगते आणि रात्री आकसते, त्या दाबाने काचा फुटू नयेत म्हणून दोन मोठी 'फुप्फुसं' जोडली होती : गोल घुमटांत लवचीक पडद्यावर तोललेली जड तबकडी, जी हवेबरोबर वरखाली होत असे. ही रचना विल्यम डेम्प्स्टर या अभियंत्याची. तिच्यामुळे गळतीही फार कमी राहिली, वर्षाला सुमारे दहा टक्के. एवढ्या मोठ्या इमारतीच्या मानाने हे फारच चांगलं काम होतं, आणि आपल्या प्रकरणात ते महत्त्वाचंही आहे. गळती जास्त असती तर बाहेरची हवा आत येत राहिली असती, तूट आपोआप भरून निघाली असती आणि कुणाला काही कळलंच नसतं.

शेतीची माती मुद्दाम सकस बनवली होती. रासायनिक खत न घालता वर्षानुवर्षं पीक काढायचं, शिवाय सगळी व्यवस्था शंभर वर्षं चालावी अशी महत्त्वाकांक्षा, तेव्हा मातीत कंपोस्ट आणि इतर सेंद्रिय द्रव्य भरपूर घातलं गेलं. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिलं तर हा निर्णय बिनचूक होता. हवेचा हिशेब मात्र याच मातीने बिघडवला.

सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच वायूकडे

पहिल्या हिवाळ्यात काळजी होती ती कार्बन डायऑक्साइडची. दिवस लहान झाले. काच आणि पोलादी सांगाडा मिळून बाहेरच्या उन्हाचा जवळपास निम्मा भाग अडवत होते. त्यात ते एल निन्योचे महिने, आकाश नेहमीपेक्षा जास्त ढगाळ. झाडांचं प्रकाशसंश्लेषण मंदावलं, पण मातीतल्या जिवाणूंना उन्हाची गरज नसते. ते रात्रंदिवस सेंद्रिय द्रव्य कुजवत आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. हिवाळ्यात आतलं प्रमाण ४,००० ते ४,५०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दर दहा लाख भागांत तेवढे भाग) चढलं, उन्हाळ्यात १,०००च्या आसपास उतरलं. बाहेरच्या हवेत तेव्हा ते ३५५ पीपीएम होतं.

यापेक्षा बोलका आकडा रोजच्या चढउताराचा आहे. एका दिवस-रात्रीत आतला कार्बन डायऑक्साइड ६०० पीपीएमने वरखाली होई. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत अख्ख्या वर्षाचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार सुमारे ६ पीपीएम असतो. म्हणजे उत्तर गोलार्धातली सगळी जंगलं पालवतात आणि पानं गाळतात तेव्हा हवेत जो फरक पडतो, त्याच्या शंभरपट फरक या काचघरात चोवीस तासांत पडत होता.

कारण साध्या गणितात आहे. काचघराचं आकारमान सुमारे दोन लाख घनमीटर. १,००० पीपीएमला एवढ्या हवेत कार्बन मावतो शंभर किलोच्याही आत. मातीत मात्र तो शेकडो टन होता. पृथ्वीवर मातीतला कार्बन हवेतल्या कार्बनच्या दुप्पट-तिप्पट भरतो, इथे तो हजारो पट होता. साठा डोंगराएवढा आणि हवा ओंजळभर, तेव्हा साठ्यात जरा हालचाल झाली की हवा ढवळून निघणारच.

आतल्या लोकांनी यावर जे उपाय केले ते आज पाहताना गंमत वाटते, कारण नकळत ते पृथ्वीच्याच युक्त्या वापरत होते. गवताळ भागाला पाणी देऊन वाढ सुरू करायची, मग गवत कापून वाळवायचं आणि कुजणार नाही अशा कोरड्या जागी साठवून ठेवायचं. सेंद्रिय कार्बन जिवाणूंच्या हाती लागू न देता बाजूला काढून ठेवणं, हीच ती युक्ती. दलदलीत गाडलेल्या झाडांचा कोळसा होतो तेव्हा हेच होतं, फक्त लाखो वर्षांच्या मुदतीने. दुसरा उपाय यांत्रिक होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड रासायनिक क्रियेने पकडून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट करणारं एक यंत्र अधूनमधून चालवलं जाई. या यंत्राची बातमी बाहेर फुटल्यावर वर्तमानपत्रांनी फसवणुकीची ओरड केली. मला त्या वादापेक्षा मोठी वाटते ती एक विसंगती : यंत्र ज्या क्रियेसाठी बसवलं होतं, तीच क्रिया आजूबाजूच्या भिंती कुणी न सांगता, बटण न दाबता, अखंड करत होत्या.

न जुळणारा ताळेबंद

ऑक्सिजनची घट हळूहळू, पण एकाच दिशेने चालली होती. आतल्या आठ जणांपैकी काहींना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू झाला, सतत थकवा जाणवू लागला. त्यांच्यात डॉक्टर रॉय वॉलफर्ड होते. त्यांनी आणि बाहेरच्या वैद्यकीय चमूने अखेर ठरवलं की आता पुरे. जानेवारी १९९३मध्ये आत ऑक्सिजन सोडला गेला, ऑगस्टमध्ये पुन्हा. 'संपूर्ण बंदिस्त' या दाव्याला तडा गेला आणि टीकाकारांना हवं ते मिळालं.

शास्त्रज्ञांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. ऑक्सिजन कमी झाला याचं फारसं आश्चर्य नव्हतं. माती श्वसन करते, श्वसनात ऑक्सिजन जातो. पण श्वसनाचा नियम असा की जेवढे ऑक्सिजनचे रेणू खर्च होतात, जवळपास तेवढेच कार्बन डायऑक्साइडचे रेणू तयार होतात. ऑक्सिजन ६.४ टक्क्यांनी घटला असेल तर कार्बन डायऑक्साइड साधारण तेवढ्याच टक्क्यांनी वाढायला हवा. ६.४ टक्के म्हणजे ६४,००० पीपीएम. प्रत्यक्षात तो कधी साडेचार हजारांच्या फार पुढे गेला नाही. उत्सर्जनाचा नव्वद टक्क्यांहून मोठा हिस्सा हिशेबातून गायब होता.

तो हवेत साठला असता तर काय झालं असतं, याचाही विचार करून पाहावा. ६४,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइडमध्ये माणूस फार काळ शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणजे जे काही हा वायू गिळत होतं, ते आतल्या आठ जणांचे प्राणही वाचवत होतं.

कुणाकुणावर संशय

पहिला संशय झाडांवर जाऊ शकतो. वाढत्या झाडांनी कार्बन खोडात आणि फांद्यांत साठवला असेल? पण झाडं कार्बन घेतात तेव्हा ऑक्सिजन सोडतात. झाडांनी तो कार्बन घेतला असता तर ऑक्सिजन परत यायला हवा होता, आणि तो तर आला नव्हता. हा संशयित इथेच सुटतो.

दुसरा संशयित लोह. मातीतली, दगडांतली लोहखनिजं गंजतात तेव्हा ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. लक्षणं अगदी जुळतात. पृथ्वीच्या इतिहासात लोहाने हा उद्योग फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तेव्हा पाण्यात विरघळलेलं लोह तो गिळत बसलं आणि तळाशी तांबड्या थरांचे खडक साचत गेले. हवेत ऑक्सिजन टिकून राहू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी. आज जगातलं बरंचसं लोहखनिज याच पट्टेदार खडकांतून खणलं जातं. तेव्हा लोहावर संशय घेणं रास्त होतं.

तिसरा संशयित समुद्र. पाणी कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, हे खरं. पण आतला समुद्र लहान होता. शिवाय त्याचं आम्ल होऊ नये, प्रवाळ जगावेत म्हणून त्यात क्षारधर्मी रसायनं घालावी लागत होती. त्याने थोडा वाटा उचलला असेल, सगळा नक्कीच नाही.

कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी संस्थेतले वॉलेस ब्रोकर यांना या कोड्यात रस वाटला. समुद्रातल्या कार्बनवर आयुष्य घालवलेला, 'ग्लोबल वॉर्मिंग' हे शब्द १९७५ सालच्या शोधनिबंधाच्या मथळ्यात वापरणारा हा माणूस. त्यांचा विद्यार्थी जेफ सेव्हरिंगहाउस याने काम हाती घेतलं. बरोबर डेम्प्स्टर होते आणि आतल्या आठ जणांपैकी टेबर मॅकॅलम. त्यांचा शोधनिबंध १९९४ साली अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या 'ईऑस' या नियतकालिकात आला.

भिंत

उत्तर होतं ते उघड्या काँक्रीटमध्ये. पायाच्या भिंती, तळघर, समुद्राचं टाकं, कृत्रिम कडे : आत काँक्रीटचा पृष्ठभाग भरपूर होता आणि बराचसा बिनरंगाचा. आतल्या काँक्रीटचे तुकडे काढून तपासले तेव्हा त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरून राहिलेलं आढळलं, बाहेरच्या बाजूच्या काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त. कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणाचा, पुरावाही जुळला. झाडं प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन जास्त पसंत करतात, त्यामुळे एकदा सजीवांतून गेलेल्या कार्बनवर एक ओळखू येणारी खूण राहते, आणि ती कार्बनच्या पुढच्या प्रवासाचा माग काढायला उपयोगी पडते. बेपत्ता कार्बन भिंतींत बसला होता.

यामागची क्रिया शाळेत सगळ्यांनी पाहिलेली असते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि विरलेला चुना यांचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पांढरं दिसतं. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत हाच विरलेला चुना असतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा तो तयार होतो आणि हवा लागली की पृष्ठभागाकडून आत आत त्याचं कार्बोनेट होत जातं. स्थापत्य अभियंते या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात आणि तिला घाबरतात, कारण चुना संपला की काँक्रीटचा अल्कधर्म उतरतो आणि आतली सळई गंजू लागते. म्हणजे ही क्रिया जगाला अनोळखी नव्हती. ती अभियंत्यांच्या खात्यात नोंदलेली होती आणि हवेचा हिशेब जीवशास्त्रज्ञांकडे होता. दोन्ही वह्या एकत्र कुणी उघडल्या नव्हत्या.

साध्या हवेत कार्बोनेशन फार सावकाश चालतं, चांगल्या काँक्रीटमध्ये काही सेंटिमीटर जायला अनेक दशकं लागतात. पण इथे हवेत कार्बन डायऑक्साइड तिप्पट ते बारापट होता, काँक्रीट कोवळं होतं आणि उघडा पृष्ठभाग हवेच्या मानाने प्रचंड. म्हणून महिन्यांत ते घडलं.

आता हे चुन्याचं कूळ पाहू. सिमेंट बनतं चुनखडी भाजून. भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत तापमान नेतात, वाटेत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. चुनखडी तरी कुठली? बहुतांश समुद्री जिवांच्या कवचांची आणि सांगाड्यांची, तळाशी साचून दडपून दगड झालेली. थोडक्यात, एकेकाळी सजीवांनी हवा-पाण्यातून काढून दगडात घातलेला कार्बन माणसाने भट्टीत हाकलून लावला होता. बायोस्फिअर २च्या भिंती तो परत मिळवत होत्या, पुन्हा चुनखडी होऊ पाहत होत्या. काचेखाली जे जिवंत मानलं होतं त्याची यादी हजारो जातींची होती. ज्याला नुसती भिंत समजलं तो हवेच्या दृष्टीने भुकेला खडक होता.

गुन्हेगार एक की दोन

सुरुवातीला म्हटलेला फरक इथे येतो. ऑक्सिजन खर्च केला मातीतल्या जिवाणूंनी. श्वसनातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो ऑक्सिजन बांधला गेला. इथवर काही बिघडलेलं नव्हतं, कारण बंदिस्त जागेत हा सौदा उलटवता येतो : झाडं तोच कार्बन डायऑक्साइड घेतील, कार्बन ठेवून घेतील आणि ऑक्सिजन मोकळा करतील. हवेत त्याचं प्रमाण जितकं चढेल तितकी झाडांची भूकही काही मर्यादेपर्यंत वाढेल. काँक्रीटने नेमका हा परतीचा रस्ता तोडला. कार्बन डायऑक्साइड एकदा कार्बोनेट झाला की झाडांच्या हाती लागत नाही, आणि त्यात अडकलेला ऑक्सिजनही दगडात गेला.

म्हणून मला काँक्रीटला एकट्याला दोषी धरणं पटत नाही. गरीब, वालुकामय माती असती तर ही तूट आली नसती, भिंती कितीही भुकेल्या असल्या तरी. आणि सकस माती असून भिंतींना लेप दिलेला असता तर ऑक्सिजन कमी घटला असता, पण कार्बन डायऑक्साइड भयंकर चढला असता. त्या परिस्थितीत माणसं ऑक्सिजनअभावी नव्हे, तर त्या वायूच्या विषबाधेने फार आधी बाहेर आली असती. भिंतींनी एक संकट टाळून दुसरं लांबवलं.

किती कार्बनने हे सारं घडवलं, तेही पाहण्यासारखं आहे. माझा ढोबळ हिशेब असा : ६.४ टक्के ऑक्सिजनची निव्वळ घट भरायला पाचेक टन कार्बन जळावा लागतो. मातीत होता शेकडो टन. म्हणजे मातीतल्या कार्बनच्या टक्का-दोन टक्क्यांनी आठ माणसांना चार हजार मीटर उंचीवर नेऊन बसवलं. तेवढ्याच कार्बनचं भिंतींत चाळीसेक टन कॅल्शियम कार्बोनेट झालं असणार. अख्ख्या इमारतीच्या वजनात हा भार कुणाच्या लक्षातही येणार नाही.

बाहेर असं का होत नाही

काचघरातला अनुभव पृथ्वीला जसाच्या तसा लावायचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. जंगलं तोडली की ऑक्सिजन संपेल, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते खरं नाही. पृथ्वीवरची सगळी झाडंझुडपं, प्राणी, जिवाणू एका दमात जाळून टाकले तरी हवेतल्या ऑक्सिजनच्या साठ्यातला हजारातला एखादा भाग खर्च होईल. जंगलं वाचवायला दुसरी पुष्कळ सबळ कारणं आहेत. हे खोटं कारण जोडल्याने ती कमकुवत होतात.

पृथ्वीवरचा ऑक्सिजन हा या वर्षीच्या झाडांनी या वर्षी केलेला नव्हे. झाडं जितका बनवतात तितका जवळपास सगळा कुजण्यात आणि श्वसनात परत खर्च होतो. शिल्लक राहते ती सेंद्रिय द्रव्याचा जो इवलासा अंश कुजायच्या आत गाळात गाडला जातो, त्याच्यापुरती. कोट्यवधी वर्षांत ही शिल्लक साठून आजचा २०.९ टक्क्यांचा साठा झाला. त्याच्या जोडीचा कार्बन खडकांत पडून आहे, मुख्यतः काळ्या शेलमध्ये, म्हणजे गाळाच्या खडकात, विखुरलेला. कोळसा आणि तेल हा त्यातला अगदी थोडा भाग. बायोस्फिअर २मध्ये ही शिल्लक नव्हतीच. हवा बाहेरून उसनी आणली होती आणि जोडीला गाडलेल्या कार्बनऐवजी कुजायला तयार असलेला कार्बन भरला होता. पृथ्वीने जे गाडून ऑक्सिजन मिळवला, ते या मंडळींनी उकरून शेतात पसरलं, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

भिंतींचं काम पृथ्वीवर सिलिकेट खडक करतात. पावसाच्या पाण्यात आणि त्याहून जास्त मातीत कार्बन डायऑक्साइड विरघळतो. मुळं आणि जिवाणू श्वसन करतात म्हणून मातीतल्या हवेत तो वरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. या सौम्य आम्लाने खडक झिजतो, त्यातलं कॅल्शियम सुटून नद्यांवाटे समुद्रात जातं, तिथे जीव त्याची कवचं करतात आणि कार्बन चुनखडीत जमा होतो. ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडतात. हवा तापली की झीज वाढते, कार्बन जास्त ओढला जातो, हवा थंडावते. हा समतोल साधायला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे आज जो कार्बन आपण जाळतो आहोत तो आपल्या किंवा नातवंडांच्या हयातीत खडक आवरतील, ही आशा व्यर्थ आहे. काचघरात हीच क्रिया महिन्यांत झाली ती चुना आधीच भट्टीतून भाजून आणलेला होता म्हणून.

जाता जाता, आपण सगळ्या जगभर असा भाजलेला चुना उभारून ठेवला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९३० ते २०१३ या काळात जगातल्या सिमेंटने हवेतून सुमारे ४.५ अब्ज टन कार्बन परत घेतला. त्याच काळात चुनखडी भाजताना जेवढा सुटला होता, त्याच्या हा सुमारे ४३ टक्के. भट्टीच्या इंधनाचा धूर यात धरलेला नाही, तेव्हा सिमेंट कारखान्यांनी लगेच हर्ष मानण्याचं कारण नाही.

नंतर

पहिली तुकडी ठरल्या दिवशी, २६ सप्टेंबर १९९३ला बाहेर आली. दुसरी मार्च १९९४मध्ये आत गेली. मधल्या काळात काँक्रीटला लेप देऊन त्याची कार्बनची भूक बंद केली होती. पण व्यवस्थापनातल्या भांडणांनी ती मोहीम सप्टेंबरातच गुंडाळली गेली. माणसं कोंडून ठेवण्याचा प्रयोग तिथे संपला.

प्रकल्प फसला, असा शिक्का तेव्हा बसला तो अजून पुसलेला नाही. आठ माणसांना दोन वर्षं बाहेरची हवा न देता जगवणं हे उद्दिष्ट धरलं तर शिक्का बरोबर आहे. पण मोजता येईल इतक्या लहान जागेत कार्बनचे सगळे साठे एकदम हलताना पाहायला मिळणं, हे दुसरीकडे कुठे शक्य होतं? कोलंबिया विद्यापीठाकडे ताबा आल्यावर त्याच आतल्या समुद्रात ख्रिस लँग्डन यांनी प्रवाळांवर प्रयोग केले. पाण्यातली कार्बोनेटची उपलब्धता घटली की प्रवाळांची सांगाडे बांधण्याची गती उतरते, हे त्यातून दिसलं. समुद्राच्या आम्लीकरणाची चर्चा पुढे ज्या पुराव्यांवर उभी राहिली, त्यांतला हा एक. ज्या कारणाने पहिल्या तुकडीला समुद्रात क्षार ओतावे लागत होते, तेच कारण आता मुद्दाम बदलून बदलून मोजलं गेलं.

आता ही वास्तू अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडे आहे. पूर्वी जिथे शेती होती त्या जागेत तीन उतार बांधले आहेत, प्रत्येकी ३० मीटर लांब, ११ मीटर रुंद, आणि त्यांवर दळलेल्या बेसाल्टचा एक मीटर जाडीचा थर. सकस मातीच्या जागी निव्वळ दगड, ज्यात सुरुवातीला सेंद्रिय द्रव्य जवळपास नव्हतंच. वर कृत्रिम पाऊस पाडायचा आणि थरात पुरलेल्या शेकडो संवेदकांनी पाणी, वायू, क्षार यांची नोंद घ्यायची. पावसानंतर थराच्या छिद्रांतला कार्बन डायऑक्साइड खाली घसरलेला दिसला, म्हणजे ओला बेसाल्ट तो वापरत होता. झिजेची गती कशावर अडते, हेही त्यातून कळलं : वरच्या हवेतला वायू छिद्रांतून खाली झिरपायला जो वेळ लागतो, त्यावर. काँक्रीटच्या कार्बोनेशनलाही हीच अडचण असते, वायू आत पोचण्याची. शेतात बेसाल्टची पूड पसरून हवेतला कार्बन कमी करण्याचे जे बेत सध्या मांडले जात आहेत, त्यांना हा मुद्दा टाळता येणार नाही. पूड किती बारीक दळली याइतकंच ती किती खोल पडली, मातीतली छिद्रं पाण्याने बुजली का आणि तिथे मुळं-जिवाणू किती श्वसन करत आहेत, हे मोजावं लागेल. खोलवर वायू पुरवणारे तेच आहेत.